किल्ली खुंटीवर

ही कृती १८ ते २५ वयाच्या मुलासाठी किंवा मुलीसाठी आहे. लायसन्स आहे, गाडी आहे, हात बसलेला आहे, आणि तरीही पोरगं बाहेर गेलं की आईचे कान सोसायटीच्या गेटकडे लागलेले असतात, अशा घरासाठी. वय १८ च्या आत असेल तर पुढचं वाचत बसू नका. किल्ली काढून घ्या, बोलणी नकोत. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ सांगतं, की अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

आमच्याकडे मुलगा २० वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. बाइक २०० सीसीची, आरसीवर नाव माझं. राहणं पुण्यात, सिंहगड रोडला.

साहित्य: गाडीची किल्ली (डुप्लिकेटसकट, ती बहुतेक त्याच्याच कपाटात सापडते), आरसी, एक दोनशेपानी वही, आयएसआय मार्कची दोन हेल्मेट, भिंतीत एक खुंटी, एक रिकामं मैदान आणि तीन महिने. संयम चवीनुसार.

१. आधी आपला स्वतःचा आठवडा लिहा

मुलाला काहीही बोलायच्या आधी सात दिवस वहीत स्वतःच्या चुका लिहायच्या. सिग्नलला फोन पाहिला, लिहा. झेब्रा क्रॉसिंगवर चाक टेकवलं, लिहा. माझ्या वहीत पहिल्याच दिवशी निघालं ते पेट्रोल पंपाचं. पंप आमच्या गल्लीपासून दीडशे पावलांवर, पण उलट्या बाजूने. गेली पंधरा वर्षं मी तिथे राँग साइडनेच जात होतो आणि ते मला राँग वाटतच नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सिग्नल तोडणं, चालवताना मोबाइल हातात धरणं आणि वाहतुकीच्या उलट दिशेने जाणं हे तिन्ही प्रकार कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतात. पहिल्याच गुन्ह्याला १ ते ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा माझ्या स्कूटरवर पुढे उभा राहायचा, आणि रिकाम्या चौकात ‘पोलीस नाहीयेत, चल’ हे वाक्य त्याने पहिल्यांदा माझ्याच तोंडून ऐकलं. त्यात आम्ही हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे काढणाऱ्या शहराचे. हेल्मेट कोपरात अडकवून चालवायची रीत कुणी शिकवली, हे त्याला विचारायची माझी प्राज्ञा नव्हती.

ही वही नंतर लागणार आहे, फाडू नका.

२. कानावर आलेलं सोडा, गाडी बघा

शेजारच्या काकूंनी ‘तुमचा मुलगा काय सुसाट जातो हो’ म्हटलं म्हणून भांडण काढलं, तर भांडण काकूंच्या चष्म्याच्या नंबरावर येऊन थांबतं. पुरावा गाडीपाशी असतो. ‘महाट्रॅफिक’ अॅपवर गाडीचा नंबर टाकून थकलेली चलनं काढा. फोटो, तारीख, वेळ, जागा, सगळं असतं. मग खाली पार्किंगमध्ये जा. टायरची नक्षी अगदी कडेपर्यंत झिजली असेल तर वळणावर गाडी बरीच झोपते आहे. फूटरेस्टचं टोक घासलेलं असेल तर त्याहून जास्त. आरसे काढून ठेवलेत का, नंबरप्लेट वर दुमडली आहे का, सायलेन्सर कंपनीचाच आहे का, हे बघा. आमच्याकडे ४१४१ चा ‘दादा’ झालेला नव्हता, तेवढं एक समाधान.

मग मेकॅनिकला गाठा. बापाला माहीत नसतं ते गॅरेजवाल्याला माहीत असतं. त्याला फक्त एवढंच विचारायचं, की डिस्कचे पॅड किती दिवसांत बदलावे लागले. आमच्या गॅरेजवाल्याने हात पुसत सांगितलं, ‘साहेब, इतरांना वर्षभर जातात, तुमच्याकडे चार महिन्यांत दुसऱ्यांदा.’

शेवटी एकदा त्याच्या मागे बसून जा, आणि तोंडातून चकार शब्द काढू नका. तो उत्तम चालवेल. आमचा इतका छान चालवत होता की मीच मनात ओशाळलो. पण यातच खरी माहिती आहे. बाप मागे असताना त्याला नीट चालवता येतं, म्हणजे अडचण हाताची नाही. मागे मित्र बसला, पुढे दुसऱ्या मित्राची गाडी दिसली, की हात तोच राहतो आणि डोकं बदलतं. सोबतीला समवयस्क असले की तरुण पोरं जास्त धोका पत्करतात, हे संशोधकांनी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं आहे.

३. प्रकार ओळखा

घाई, राग आणि मिरवणं, हे तीन प्रकार. औषध वेगवेगळं.

घाईवाला सगळ्यात सोपा. त्याला गणित घाला. २० किलोमीटर पूर्ण मोकळा रस्ता धरला तरी ताशी ६० ने २० मिनिटं लागतात, ८० ने १५. शहरात तर ही पाच मिनिटंही उरत नाहीत, कारण पुढच्या सिग्नलला दोघं शेजारी उभे असतात. त्याला म्हणायचं, एक आठवडा मर्यादेत चालव आणि कॉलेजला पोचायची वेळ लिही. आमच्या १४ किलोमीटरना सरासरी फरक आला चार मिनिटांचा. चार मिनिटं तो सकाळी आरशासमोर केसांना देतो.

रागवाल्याला गणिताचा उपयोग नाही. कुणी कट मारला, कुणी हॉर्न वाजवला, की हा मागे लागतो. हा राग बहुतेक वेळा रस्त्यावर जन्मलेला नसतो. बॅकलॉग, ब्रेकअप, घरातली धुसफूस, जे असेल ते आधी बघावं लागतं. मुलगा अलीकडे झोपत नाही, जेवत नाही, ‘मेलो तर मेलो’ असं बोलतो, असं असेल तर ही कृती बाजूला ठेवा आणि सरळ डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. दारूचा वास येत असेल तरीही तेच, ते दुखणं गाडीचं नाही.

मिरवणारा सगळ्यात चिवट. त्याच्यासाठी पाचवी पायरी.

४. बोलायची जागा आणि वेळ

हे कधी बोलायचं नाही, ते आधी सांगतो. तो बूट घालत असताना नाही. रात्री एकला आल्यावर दारात नाही. जेवताना आजीसमोर तर नाहीच, कारण आजी त्याच्या बाजूची. समोरासमोर बसवूनही नको, त्याची चौकशी समिती होते. शेजारी शेजारी चालताना किंवा टपरीवर चहा घेताना बोला. नजर चुकवायला रस्ता असला की मुलगे जास्त बोलतात. घरातल्या एकानेच बोलायचं. आईचं रडणं खरं असतं, पण ते या कामाला वापरू नये, त्याचा असर दोन दिवस टिकतो.

‘मी तुझ्या वयाचा असताना’ हे वर्ज्य. ‘लोक काय म्हणतील’ वर्ज्य. ‘तुला काही झालं तर आमचं कसं’ हेसुद्धा, कारण आपल्याला काही होईल असं विशीत कुणालाच वाटत नाही. मी एवढंच म्हणालो, ‘मंगळवारी रात्री ११:४२ ला मला मेसेज आला. बायपासवर, ताशी ९१. पॅड दोनदा बदललेत. मला भीती वाटते.’ आणि गप्प बसलो. हे गप्प बसणं या कृतीतलं सगळ्यात अवघड काम. बाप माणसाला वाक्याच्या मागे तीन वाक्यं जोडायची सवय असते. चहा संपेपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘९१ नव्हता बाबा, ८८ असेल.’ इथे हसू येतं, आवरा. त्याने कबूल केलेलं आहे.

मग स्वतःची वही त्याला वाचायला द्या.

५. चारच अटी, कागदावर

पहिल्या मसुद्यात माझ्या चौदा अटी झाल्या होत्या. बायकोने दहा खोडल्या. उरल्या त्या अशा. हेल्मेट पट्टा लावून, मागे बसणाऱ्यालाही. तीन महिने मागे मित्र नाही. सायलेन्सर आणि आरसे कंपनीचे. रात्री ११ नंतर गाडी नाही. मिरवणाऱ्यासाठी यातली दुसरी अट म्हणजे मुळावर घाव. प्रेक्षक गेला की नाटक आपोआप छोटं होतं. एक अट मोडली तर किल्ली १५ दिवस आमच्याकडे, रागावणं नाही, भाषण नाही. किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर राहणार, त्याच्या खिशात नाही. घ्यायला आणि ठेवायला घरातूनच जावं लागतं, एवढाच खुंटीचा उपयोग, पण तो फार आहे.

या चार अटींसोबत आपल्याकडून एक शब्द द्यायचा: रात्री कितीही वाजता, कुठूनही फोन कर. मी न्यायला येईन आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. हा शब्द पाळायचा म्हणजे पाळायचा. मला एकदा बाणेरहून रात्री दीडला फोन आला. मित्र प्यायलेला होता, ह्याला त्याच्या मागे बसायचं नव्हतं. सिंहगड रोडपर्यंत येताना माझ्या जिभेला अक्षरशः फोड आले. विचारलं काहीच नाही.

गाडी त्याच्या पगारातून, त्याच्या नावावर घेतलेली असेल तर ही पायरी लागू पडत नाही. मग आपल्या हातात एवढंच, की तिचा विमा आणि पेट्रोल आपण भरायचं नाही आणि त्याच्या मागे बसायचं नाही, आणि दोन्हीचं कारण त्याला सरळ सांगायचं.

६. चलन भरणं बंद करा

सगळं इथे अडतं. गाडी माझ्या नावावर, म्हणून मेसेज माझ्या फोनवर, म्हणून दीड वर्ष मी गुपचूप भरत होतो. त्याला सांगायचो नाही, कारण घरात कटकट नको. म्हणजे तो वेगाने जात होता आणि हप्ता मी भरत होतो. गेल्या दिवाळीपासून मेसेज जसाच्या तसा त्याला पुढे पाठवतो, सोबत एक शब्दही लिहीत नाही. पैसे त्याच्या इंटर्नशिपच्या मानधनातून जातात. पहिली दोन चलनं भरल्यावर त्याने स्वतःहून कॅमेरे कुठे आहेत ते पाठ केलं. त्याने वेग कमी झाला, पण फक्त कॅमेऱ्यापुरता. असं होतं. धीर सोडू नका, तिसऱ्या चलनानंतर तोही कंटाळतो.

आणि ओळख लावायची नाही. खात्यातल्या मामालाही फोन नाही, चौकातल्या मामाशीही तोडपाणी नाही. हेल्मेट नसेल तर कायद्यात तीन महिने लायसन्स निलंबनाची तरतूद आहे. झालं निलंबित, तर होऊ द्या. पीएमपी बसचा पास मिळतो.

७. मैदान

रविवारी सकाळी सातला, कोरड्या रिकाम्या मैदानावर किंवा बंद रस्त्यावर. खडूने एक रेघ मारा. ताशी ३० ने येऊन रेघेवर ब्रेक, गाडी कुठे थांबते तिथे दुसरी रेघ. मग ४०. याच्या वर मैदानात जायचं नाही. बाकीचं कागदावर दाखवा. चांगल्या कोरड्या रस्त्यावर, ब्रेक दाबायला एक सेकंद धरला तर ताशी ६० ची गाडी साधारण ३७ मीटरमध्ये थांबते, ८० ची ५८ मीटरमध्ये. म्हणजे पीएमपीच्या जवळजवळ दोन बस जास्त. पण मुलाला गप्प करणारं गणित याच्या पुढचं होतं, आणि ते त्यानेच मांडलं: ६० ची गाडी ज्या जागी पूर्ण थांबलेली असते, त्या जागी ८० ची गाडी अजून ताशी ६० च्या आसपास पळत असते. त्याने दोनदा तपासलं. इंजिनिअरिंगची फी पहिल्यांदा वसूल झाली.

एक सावधगिरी. नुसतं कौशल्य शिकवलं तर पोरांचा धीर वाढतो आणि वेगही. म्हणून मैदान सातवं ठेवलंय. अटींच्या आधी नेलं तर तो स्टंट शिकून येईल.

याच दिवशी दोन मिनिटं अपघाताची तालीम करून घ्या. धडक झाली तर पळायचं नाही. जखमीला मदत मिळवून देणं कलम १३४ प्रमाणे चालकाचंच कर्तव्य आहे. १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस, मग घरी. आणि घरच्यांनी तिथे पोचून ‘गाडी दुसराच चालवत होता’ असं कुणालाही म्हणायला लावायचं नाही. हे त्याला आज, काही झालेलं नसताना सांगायचं.

८. नव्वदाव्या दिवशी

कागद पुन्हा काढायचा. टायर, पॅड, चलनं, सगळं परत बघायचं. काहीच फरक नसेल तर गाडी विकून टाका. विकता येते, त्यासाठी मुलाची परवानगी लागत नाही, आणि वर्षभर अबोला परवडतो.

आमच्याकडे तीन महिन्यांत किल्ली एकदा १५ दिवस आमच्याकडे राहिली, चलनं दोन आली. नव्या कागदावर मित्राची अट सैल केली, बाकी तीन तशाच ठेवल्या. सही करायच्या आधी त्याने पेन मागितलं आणि खाली स्वतःच्या अक्षरात पाचवी अट लिहिली: ‘बाबांनी पेट्रोल पंपावर राँग साइडने जायचं नाही.’

मी सही केली. यू-टर्न पुढच्या पुलाखालून आहे, ९०० मीटर पडतात.