पीसीओएस असले तरी दिवस राहतात

लग्नाला वर्ष-दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की घरात कुजबुज सुरू होते. त्यातच सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओएस’ किंवा ‘पीसीओडी’ लिहून आले की त्या कुजबुजीला जणू पुरावाच मिळतो. “तिच्या पिशवीला गाठी आहेत, तिला मूल होणार नाही,” असे सांगणारे दारोदार भेटतात. या एका वाक्यात दोन चुका आहेत. त्या गाठी पिशवीला नसतात, आणि मूल होणार नाही असेही नसते. साधारण दहा बायकांमागे एकीला हा त्रास असतो आणि योग्य उपचाराने त्यांच्यातल्या बहुतेकींना मूल होते. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे. भगिनींनी तो वाचावाच, पण नवऱ्यांनी आणि सासूबाईंनीही वाचावा.

आत काय घडते?

गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन अंडाशये असतात. दर महिन्याला त्यांतले एक बीज पिकते आणि बाहेर पडते. पीसीओएसमध्ये बीजे असतात, पण वाढता वाढता अर्ध्यावर थांबतात. सोनोग्राफीत ती मण्यांच्या माळेसारखी दिसतात. त्यांनाच आपण गाठी म्हणतो. त्या कर्करोगाच्या नसतात आणि कापून काढायच्याही नसतात.

बीज का थांबते? अनेकींच्या शरीरात इन्सुलिन नीट लागू पडत नाही, म्हणून शरीर ते जास्त तयार करते. जास्तीच्या इन्सुलिनमुळे अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढते. त्यामुळे पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरुमे उठतात. हा त्रास घराण्यातूनही येतो. यात त्या बाईचा दोष नाही, कुणाची नजर लागलेली नाही आणि पूर्वजन्माचे काही नाही. नवस, गंडेदोरे आणि ‘हमखास गुण’ देणाऱ्या पुड्या यांत पैसा आणि वय दोन्ही जाते.

आधी खात्री करा

नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरत नाही. पाळी अनियमित असणे, पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणे किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट, आणि सोनोग्राफीतले चित्र या तिन्हींपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन यांच्या रक्ततपासण्याही करतात, कारण त्यांच्या बिघाडानेही पाळी चुकते. पाळी ३५ दिवसांपेक्षा जास्त लांबत असेल किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा येत असेल, तर मूल होण्यासाठी वर्षभर वाट बघत बसू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

याच वेळी नवऱ्याची वीर्यतपासणी करून घ्यावी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही कारण असते. ही तपासणी सोपी आणि स्वस्त आहे, सुईही टोचत नाही. तरी ती सर्वांत शेवटी होते आणि तोपर्यंत बायको एकटीच गोळ्या खात राहते. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, एवढेच पथ्य.

ताटात आणि पायांत औषध

वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरले तरी अनेकींची पाळी आपोआप सुधारते. ७० किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो होतात. त्यासाठी महागडी पावडर लागत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ-उसळ, पालेभाजी, अंडी, सुकट-बोंबील हे आपले रोजचे जेवण चांगलेच आहे. भात कमी घ्या, उपाशी मात्र राहू नका. दिवसातले साखरेचे चहा मोजा. चहाबरोबरची खारी-बिस्किटे, वडापाव आणि कोल्ड्रिंक रोजचे असेल तर ते कमी करा.

“दिवसभर राबते, आणखी व्यायाम कशाला?” असे भगिनी विचारतात. राबण्याने थकवा येतो, पण दम लागेल असे सलग चालणे त्यात होत नाही. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपझप चाला. गल्लीत जागा नसेल तर चौघीजणी मिळून मैदानात किंवा विहाराच्या आवारात फेऱ्या मारा. बारीक बायकांनाही पीसीओएस असतो. त्यांनी वजन उतरवायचे नाही, पण चालायचे जरूर.

गोळ्या कोणत्या, खर्च किती?

एवढ्याने बीज सुटत नसेल तर पहिली गोळी लेट्रोझोल. ती पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत पाच दिवस देतात आणि सोनोग्राफीने बीजाची वाढ बघतात. ही गोळी स्तनाच्या कर्करोगातही वापरतात, म्हणून पाकिटावरचे वाचून घाबरू नका. या कामासाठी तिच्यावर भारतात २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. २०१४ साली अमेरिकेत ७५० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच पाळ्यांपर्यंतच्या उपचारात लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के जणींना मूल झाले, जुनी क्लोमिफीन गोळी घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के जणींना. म्हणजे गोळी चांगली आहे, पण पहिल्याच महिन्यात गुण येईल असे नाही. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळीही काहींना देतात. तिने मळमळते, म्हणून ती जेवणाबरोबर घ्यावी. कोणतीही गोळी शेजारणीच्या चिठ्ठीवर घेऊ नका.

या गोळ्यांनी जमले नाही तर इंजेक्शने, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि शेवटी टेस्ट ट्यूब बेबी असा क्रम आहे. कोणी पहिल्याच भेटीत टेस्ट ट्यूबचे पॅकेज सांगितले तर दागिने गहाण टाकण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. २०२१ च्या कायद्याप्रमाणे अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे. प्रमाणपत्र दाखवा म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. सुरुवात तिथून करा.

पाळी चुकली तर

पीसीओएसमध्ये बीज कधी सुटेल ते सांगता येत नाही, म्हणून ‘ठरावीक दिवस’ मोजू नका. दोन-तीन दिवसांआड संबंध ठेवणे पुरते. पाळी लांबली की “माझी नेहमीच लांबते” म्हणून सोडून देऊ नका. आधी लघवीची तपासणी करा. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मिळते. दिवस नसतील आणि तीन महिने पाळी आली नसेल तर डॉक्टरांकडे जा. पिशवीचे अस्तर असे वर्षानुवर्षे साचत राहणे घातक असते.

मूल हवे असे ठरताच डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करा, दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधी. दिवस राहिल्यावर या भगिनींना गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब यांचा धोका जास्त असतो. म्हणून पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेली साखरेची तपासणी चुकवू नका. दोन तासांनी साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर उपचार लागतात.

शेवटी घरच्यांना एवढेच सांगणे आहे. टोमण्यांनी बीज पिकत नाही. सूनबाई संध्याकाळी चालायला निघाली तर अर्धा तास चूल दुसऱ्या कोणी सांभाळावी, आणि दवाखान्यात नवऱ्याने तिच्या बाजूला बसावे. मूल दोघांचे आहे, उपचारही दोघांचाच आहे.