आश्रमशाळा आणि गोंडांचे घर

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी सालेकसा तालुक्यातील कचारगडची गुहा पाहिली असेल, त्यांस माघी पौर्णिमेची तेथील गर्दी सांगावयास नकोच. तो भाग १९९९ पर्यंत आपल्या भंडारा जिल्ह्यात होता. आता गोंदियात मोडतो. तेथे दोन अनोळखी गोंड भेटले म्हणजे कूळ व देव विचारले जातात. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे असे विभाग असून समान देवांच्या कुळांत सोयरीक होत नाही. कोणास भाऊ म्हणावे व कोणास मामा, हे ह्यावरूनच ठरते. हे शास्त्र क्रमिक पुस्तकात नाही. ते चुलीपाशी, लग्नात, मयतीत कानांवर पडून येते.

मग ज्या मुलास सहाव्या वर्षी आश्रमशाळेत ठेवले, त्याच्या कानांवर ते केव्हा पडावे? गावात शाळा नाही, घरी अन्न पुरत नाही, अशा मुलांस ह्या शाळांनी अक्षर व अन्न दिले, हे उपकार लहान नव्हेत. तथापि दिवाळीच्या सुटीत आलेले पोर आजीच्या गोंडी प्रश्नास मराठीत उत्तर देते, तेव्हा आजी गप्प बसते. पुढच्या सुटीत ती विचारीतही नाही.

कॅनडात मूळ रहिवाशांची दीड लाखांवर मुले निवासी शाळांत घातली गेली. स्वभाषा बोलल्यास शिक्षा होई. त्यांपैकी बहुतेक शाळा ख्रिस्ती संस्थांनी चालविल्या होत्या, हे आमच्यासारख्या शाळेने तरी विसरू नये. आईबापांवाचून वाढलेल्यांस पुढे स्वतःची मुले वाढविणे जड गेले, असे तेथील आयोगाने २०१५ साली नमूद केले. आपल्याकडे मुले हिरावून नेणारा कायदा नव्हता. म्हणून दोहोंस एकाच तागडीत घालणे न्याय्य नव्हे.

हे ज्ञान टिपण्याचे काम गोंडांनी स्वतःच हाती घेतले आहे. रामटेकजवळील दुलारा गावचे डॉ. मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) ह्यांनी रिझर्व्ह बँकेतील नोकरी सांभाळून गोंडी भाषा व धर्म ह्यांवर ग्रंथ लिहिले. गडचिरोलीतील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळाच काढली.

आमच्या गोंड विद्यार्थ्यांनी ह्या सुटीत आजीपाशी बसून नात्यांची गोंडी नावे उतरून घ्यावीत. शेजारी सांगणाऱ्याचे गावही लिहावे. कारण गोंडी गावोगाव पालटते.