ब्रेक लावून बॅटरी किती भरते?

प्रश्न : माझ्या इलेक्ट्रिक सायकलच्या मोटरचा ब्रेक कमी-जास्त करता येतो. तो पूर्ण वाढवला तर बॅटरी जास्त पुरेल का?

उत्तर : फारशी नाही. स्वारासह १०० किलो वजन ताशी २५ किलोमीटर वेगाने धावताना त्यात जेमतेम पाऊण वॅट-तास ऊर्जा असते. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॅट-तास मावतात. म्हणजे सिग्नलला थांबून मिळते ती चिल्लर, तीही वाटेत गळून. घाटात तर भरपूर मिळेल ना, असं तुम्ही म्हणाल. शंभर मीटर उतरताना सुमारे २७ वॅट-तास मोकळे होतात खरे. पण त्यातला मोठा वाटा हवा आणि टायर खातात. शिवाय ब्रेक लावून बॅटरी भरण्याची ही सोय गिअर नसलेल्या हब मोटरलाच साधते, आणि तीच मोटर पॅडल मारताना थोडी ओढून धरते.

मग ही सोय ठेवायची कशाला? ब्रेक पॅडसाठी. लांब उतारावर मोटरने वेग धरला की पॅड तापत नाहीत, झिजतही नाहीत. पुढच्या चाकात मोटर असेल तर पावसात जोर कमीच ठेवा, चाक घसरतं. जोर वाढवण्याआधी ॲक्सलचे नट आणि टॉर्क आर्म (ॲक्सल फिरू न देणारी पट्टी) तपासा, कारण उलटसुलट ताणाने नट ढिले होतात. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर हा ब्रेक लागणारच नाही. म्हणून हाताचे ब्रेक ठणठणीत हवेत.