चाकांवरचे घर

विद्यार्थी मित्रांनो, पनवेल हे एके काळी चाकांसाठी प्रसिद्ध होते, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? बोरघाट उतरून मालाने भरलेल्या बैलगाड्या पनवेलच्या बंदराकडे येत. घाटावरचा गाडीवान परत निघाला, की पनवेलच्या चाकांची एक जोडी घेऊन जाई. ब्रिटिश काळातील गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. आज बैलगाड्या गेल्या. पण पनवेल रस्त्यांचे गाव राहिलेच. पळस्पे फाट्यावर उभे राहा. एक रस्ता पुण्याकडे जातो, दुसरा कोकणातून गोव्याकडे.

अशा गावात एखाद्या कुटुंबाला वाटले, की आपली स्वतःची मोठी गाडी असावी, तिच्यात झोपता यावे, दोन घास शिजवता यावेत आणि सुटीत सर्वांनी मिळून गावी जावे, तर नवल नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या, म्हणजे कॅराव्हॅनच्या, पर्यटनासाठी धोरणही आणले. परंतु नवी कॅराव्हॅन फार महाग असते. म्हणून लोक जुनी गाडी घेऊन ती सजवतात. जुनी गाडी कशी घ्यावी, कशी सांभाळावी आणि तिच्यात कोणत्या सुधारणा कराव्यात, ते आज पाहू.

समजा, तुमचे अब्बा आणि मामू यांनी एक जुनी मिनी-बस पसंत केली आहे. विकणारा म्हणतो, "गाडी एकदम झकास आहे. कागद नंतर बघू. आधी बयाणा द्या, दुसरे गिऱ्हाईक येऊन बसले आहे." तो एक मराठी करारपत्र पुढे करतो. अब्बा ते तुमच्या हातात देतात, कारण घरात मराठी वाचणारे तुम्हीच. तुम्ही वाचता : 'गाडीवरील कर्ज व दंड यांची जबाबदारी घेणाराची राहील.' आता तुम्ही काय कराल? गप्प बसाल, की अब्बांना ती ओळ वाचून दाखवाल?

ती ओळ मोठ्याने वाचून दाखवा. खरेदी, कर्ज, अर्ज, तारीख, मालक हे शब्द तर तुमच्या ओळखीचेच आहेत. ते फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. सरकारी कागदाची भीती बाळगू नका.

प्रथम नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे आर. सी., पाहा. त्यावरचा मालक आणि समोरचा विकणारा एकच आहे काय? त्यावर बँकेच्या कर्जाची नोंद असेल, तर बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र मिळेपर्यंत पैसे देऊ नका. त्यावरील चेसिस क्रमांक आणि गाडीवर कोरलेला क्रमांक ताडून पाहा. विमा, कर, प्रदूषण तपासणी आणि प्रवासी गाडी असल्यास योग्यता प्रमाणपत्र यांच्या तारखा बघा. न भरलेले दंडही तपासा.

मग गाडीकडे वळा. सोबत ओळखीचा मिस्त्री असावा. सकाळी इंजिन थंड असताना जा. बॉनेटला हात लावून पाहा. ते गरम लागले, तर गाडी तुमच्या येण्याआधीच सुरू केली होती, असे समजा. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळत आहे. काळा धूर आला तर इंधन नीट जळत नाही. टायरवर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. कोकणच्या दमट, खारट हवेत पत्रा लवकर गंजतो. म्हणून वाकून गाडीच्या खालची बाजू पाहा. छतावर बादलीभर पाणी ओता आणि आत कोठे गळते ते शोधा. शेवटी चढउतारावर गाडी चालवून ब्रेकची परीक्षा घ्या.

सौदा ठरला, तरी काम संपत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे गाडी राज्यातच विकली असेल, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे लागते. त्यासाठी नमुना २९ व नमुना ३० असतात. पनवेलच्या कार्यालयाच्या गाड्या 'एमएच ४६' या अक्षरांनी ओळखल्या जातात. विमाही नव्या मालकाच्या नावावर करून घ्यावा. या कामात आळस केल्यास दोघांचेही नुकसान होते. अपघात झाला, तर नोंदीत ज्याचे नाव असेल तोच मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. आणि विमा जुन्याच नावावर राहिला, तर आपल्या गाडीची भरपाई मिळताना अडचण येते.

आता निगा. इंजिन ऑइल वेळेवर बदला. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून तेही ठराविक काळाने बदलावे लागते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली, तर बॅटरी उतरते. अधूनमधून गाडी फिरवा. समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यापूर्वी छताचे सांधे आणि वायपर पाहून घ्या.

सुधारणा करताना आधी ब्रेक आणि टायर, मगच पलंग आणि पडदे. आसने काढून पलंग बसवायचे असतील, तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. मनाला येईल तसा बदल कायद्याला चालत नाही. थोडे गणितही करा. एक लीटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे शंभर लीटरची टाकी शंभर किलोचे ओझे झाले. ती शक्य तितकी खाली बसवा. १२ व्होल्टवर चालणारा २४ वॉटचा पंखा २ अँपिअर वीज घेतो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी वापरली, तर तो पंखा २५ तास चालेल.

सर्वांत जास्त जपावे ते गॅसला. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली, तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून गाडीत खालच्या बाजूलाही हवा जाण्यास वाट हवी. दारे-खिडक्या बंद करून शेगडी कधीही पेटवू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही.

मित्रांनो, त्या दिवशी तुम्ही ती एक ओळ वाचून दाखवलीत, तर मामू पुढे केलेले पैसे पुन्हा खिशात ठेवतील. विकणारा रागावेल. कदाचित गाडी हातची जाईल. पण वर्षानुवर्षांची बचत वाचेल. गाडी दुसरी मिळते. आणि पुढे कधी तुमची स्वतःची गाडी पळस्पे फाट्यावरून कोकणाकडे वळेल, तेव्हा ती पक्क्या कागदांवर आणि पक्क्या चाकांवर धावत असेल.

शब्दार्थ
बयाणा – सौदा पक्का करण्यासाठी आधी दिलेली रक्कम
ताडून पाहणे – दोन गोष्टी जुळतात की नाही ते पाहणे
निगा – काळजी, देखभाल
हातची जाणे – मिळता मिळता निसटणे

स्वाध्याय
१. जुनी गाडी थंड असतानाच का पाहावी?
२. गाडीत खालच्या बाजूला हवेची वाट का ठेवावी?
३. तुमच्या घरातील एखादा मराठी कागद घरच्यांना वाचून दाखवा व त्याचा अर्थ सांगा.