निरोपाची भेट : पैसा थोडा, विद्यार्थी पुष्कळ

जानेवारी उजाडला की शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांत सदिच्छा समारंभांची गडबड सुरू होते. बारावीची लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते, त्यामुळे निरोप त्याआधीच द्यावा लागतो. अकरावीची मुले वर्गणी काढतात आणि एखादे शिक्षक चार मुलांना घेऊन बाजारात येतात. "चाळीस नग पाहिजेत, स्वस्तात स्वस्त काय आहे?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. कापडाच्या धंद्यात हा प्रश्न मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. प्रश्न विचारण्याची पद्धतच चुकते असे माझे मत आहे. स्वस्त वस्तू शोधण्याआधी कामाची वस्तू ठरवावी आणि मग ती स्वस्तात कशी पडेल याचा हिशेब करावा. हा हिशेब कसा करायचा ते या लेखात पाहू.

आपल्या भागाची परिस्थिती

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. 1962 साली राज्यात औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, उत्तर प्रदेश, बिहार अशा सर्व ठिकाणांहून माणसे पोटासाठी इथे आली. आज एकाच बाकावर कायम नोकरीवाल्याचा मुलगा आणि ठेकेदाराकडे रोजावर जाणाऱ्याचा मुलगा शेजारी शेजारी बसतात. पहिल्याला पन्नास रुपये वर्गणी काहीच वाटत नाही. दुसऱ्याच्या घरी त्याच पन्नास रुपयांत एका वेळची भाजी आणि दूध येते.

म्हणून पहिला नियम असा की वर्गणीची यादी फळ्यावर लावू नये आणि नावे वाचून दाखवू नयेत. वर्गात एक बंद पेटी ठेवावी. ज्याला जे जमेल ते त्याने त्यात टाकावे, ज्याला जमणार नाही त्याने टाकू नये. पेटी दोन शिक्षकांसमोर उघडावी आणि फक्त एकूण रक्कम जाहीर करावी. रक्कम कमी पडली तर भेट लहान करावी, पण पैशापायी कोणा मुलाची मान खाली जाऊ देऊ नये.

भेट कशी निवडावी?

बारावीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. कोणी पदवीला जातो, कोणी आयटीआयला, कोणी अभियांत्रिकीला, तर कोणी थेट चाकणच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागतो. भेट मात्र सर्वांना एकसारखीच हवी. तेव्हा वस्तूबद्दल तीन प्रश्न विचारावेत. पुढच्या वर्षभरात ती सर्वांच्या वापरात येईल काय? मुलगा आणि मुलगी दोघांनाही चालेल काय? घरी आणखी खर्च न करता वापरता येईल काय?

या कसोटीवर शोभेच्या ढाली, चकचकीत फ्रेम आणि हलकी घड्याळे नापास होतात. त्या कपाटावर धूळ खातात. पास होणाऱ्या वस्तू साध्या आहेत.

1. जाड सुती कापडाची पिशवी. कॉलेज, क्लास, डबा, बाजार, सर्व कामांना चालते.

2. कागदपत्रांची फाईल. प्रवेशाच्या वेळी गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला अशी कागदपत्रे लागतात आणि ऐन वेळी एखादे सापडत नाही. प्लॅस्टिकच्या कप्प्यांची फाईल आणि तिच्या पहिल्या कप्प्यात लागणाऱ्या कागदपत्रांची यादी ही फार उपयोगी भेट आहे.

3. सुती नॅपकिन. बसने आणि कंपनीच्या गाडीने जाणाऱ्याला रोज लागतो.

4. वह्या. 22 सप्टेंबर 2025 पासून वह्यांवरचा जीएसटी शून्य झाला आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकात घाऊक भावाने घेतल्या तर फरक पडतो.

पिशवीचा हिशेब

आता उदाहरण म्हणून चाळीस पिशव्यांचा हिशेब मांडू. बाजारभाव रोज बदलतात, म्हणून खालचे दर फक्त समजण्यासाठी धरले आहेत. मापे मात्र पक्की आहेत.

तयार पिशवी 40 सेंटिमीटर रुंद आणि 45 सेंटिमीटर उंच हवी. शिलाईची जागा धरून 43 बाय 50 चे दोन तुकडे लागतात. बंदांसाठी 60 सेंटिमीटर लांब आणि 8 सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या लागतात.

छत्तीस इंची पन्ह्याचे कापड घेतले तर रुंदीत दोन तुकडे बसतात, म्हणजे एका मीटरमध्ये दोन पिशव्या निघतात. चाळीस पिशव्यांना 20 मीटर लागले. मात्र बाजूला फक्त पाच सेंटिमीटर चिंधी उरते, तिच्यातून बंद निघत नाहीत. बंदांसाठी सुमारे 5 मीटर वेगळे आणि खराबीसाठी 1 मीटर धरावे. एकूण 26 मीटर झाले. मीटरला 90 रुपये दर धरला तर 2,340 रुपये.

आता चव्वेचाळीस इंची पन्ह्याचे कापड पाहा. यातही रुंदीत दोनच तुकडे बसतात, पण बाजूला सुमारे 26 सेंटिमीटर पट्टी उरते. तिच्यातून 8 सेंटिमीटरच्या तीन लांब पट्ट्या निघतात. 20 मीटरमध्ये त्या 60 मीटर होतात आणि आपल्याला बंदांसाठी फक्त 48 मीटर पाहिजेत. म्हणजे वेगळे कापड लागतच नाही. खराबीचा 1 मीटर धरून 21 मीटर पुरतात. दर मीटरला 100 रुपये धरला तरी 2,100 रुपयेच होतात. मीटरला दहा रुपये महाग असलेले कापड शेवटी 240 रुपयांनी स्वस्त पडले! म्हणून दुकानदाराला भाव विचारण्याआधी पन्हा विचारावा.

पुढचा खर्च असा. कापडावर 5 टक्के जीएसटी 105 रुपये. शिलाई नगाला 25 रुपयांप्रमाणे 1,000 रुपये. शाळेच्या नावाची एकरंगी छपाई नगाला 8 रुपयांप्रमाणे 320 आणि छपाईची चौकट बनवण्याचे 200 रुपये. एकूण 3,725 रुपये, म्हणजे पिशवी सुमारे 93 रुपयांना पडली. चौकटीचे 200 रुपये चाळीस नगांवर वाटले तर पाच रुपये येतात, वीस नगांवर दहा येतात. तेव्हा दोन तुकड्यांनी मिळून मागणी दिली तर दोघांचाही फायदा आहे. शिलाई वस्तीतल्या बचत गटाला दिली तर पैसा आपल्याच भागात राहतो. अनेकदा त्याच वर्गातल्या एखाद्या मुलीची आई ते शिवणारी असते.

माल पारखून घ्या

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. 2001 च्या सुमारास एका शाळेचे शिक्षक माझ्याकडे साठ नॅपकिन मागायला आले. पैसे कमी होते. मी सेकंडचा माल दिला, आणि तो सेकंडचा आहे हे सांगितले नाही. दोन-तीन महिन्यांनी तेच शिक्षक हातात एक पांढरा शर्ट घेऊन दुकानात आले. एका मुलाने तो नॅपकिन आपल्या एकुलत्या एका चांगल्या शर्टाबरोबर भिजवला होता आणि सगळा शर्ट लाल झाला होता. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरीची मुलाखत होती. शिक्षक रागावले नाहीत, शर्ट गल्ल्यावर ठेवून उभे राहिले. मी त्या मुलाला नवा शर्ट दिला आणि साठही नॅपकिन बदलून दिले. त्या सौद्यात तोटा झाला, पण नफ्याच्या कितीतरी सौद्यांपेक्षा तो जास्त शिकवून गेला. सेकंडचा माल विकणे गुन्हा नाही, तो न सांगता विकणे ही बेइमानी आहे.

तेव्हा खरेदीदारांनी चार गोष्टी कराव्यात.

पहिली, पांढरा रुमाल ओला करून रंगीत कापडावर जोरात घासावा. रंग लागला तर माल परत करावा.

दुसरी, कडेचा एक धागा काढून दुकानाबाहेर सावधपणे पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी बनते. वेल्डिंगच्या किंवा भट्टीच्या कामावर जाणाऱ्याच्या अंगावर असे वितळणारे कापड धोक्याचे आहे.

तिसरी, टॉवेल किंवा नॅपकिन काट्यावर तोलावा. 75 बाय 150 सेंटिमीटरचा टॉवेल चौरस मीटरला 400 ग्रॅम सांगून विकला असेल तर तो 450 ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. 40 बाय 60 चा नॅपकिन 96 ग्रॅम. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण नाव ऐकून घेऊ नका, वजन बघून घ्या.

चौथी, आधी एकच नमुना घरी नेऊन धुवावा. कोरे कापड पहिल्या पाण्यात आटते. मग मागणी द्यावी आणि पक्की पावती घ्यावी. वर्गणीचा पैसा ही अमानत आहे, त्याची पावती फळ्याशेजारी लावावी.

पैसे अगदीच कमी असतील तर?

पेटीत नगामागे तीस-चाळीस रुपयेच निघाले तर वाईट वाटून घेऊ नये. एक चांगली वही घ्यावी. तिच्या पहिल्या पानावर वर्गशिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहाव्यात. त्या मुलाचा कोणता गुण त्यांना दिसला, एवढेच. चाळीस मुलांसाठी दोन संध्याकाळी पुरतात. याला खर्च काहीच नाही आणि ही वही मुले जपून ठेवतात.

खरेदी कुठे करावी? पिंपरी कॅम्पच्या बाजारात फिरावे, मोठी मागणी असेल तर पुण्याच्या रविवार पेठेत जावे. किमान तीन ठिकाणी भाव काढावा. हे काम अकरावीच्या मुलामुलींनाच करू द्यावे, शिक्षकांनी फक्त सोबत राहावे. पन्हा विचारणे, वजन करणे, पावती मागणे हे त्यांना एकदा जमले की निरोप घेणाऱ्यांना पिशवी मिळेल आणि भेट देणाऱ्यांना व्यवहाराचे शिक्षण मिळेल.