‘सेट’साठी कॉलेज सोडू नकोस

पेठ, जि. नाशिक

बाळा,

करंजाळीचा जीपवाला काल सांगून गेला, की तू कॉलेजात जाणं बंद केलंयस आणि दिंडोरीला द्राक्षछाटणीच्या टोळीबरोबर जायचं म्हणतोस. खरं का रे? ताईला मी अजून काही बोललो नाही. त्याच छाटणीच्या मजुरीतून तिनं तुझी फी भरलीय, हे तुला मी सांगायचं का?

आणि कारण काय, तर इंग्रजीच्या तासाला सूर्याच्या वाक्यातल्या ‘सेट’चा अर्थ तू ‘संच’ सांगितलास आणि पोरं हसली. अरे, नववीच्या गणितात तोच अर्थ शिकलास ना? सूर्य असेल तर मावळणं, सिमेंट असेल तर घट्ट होणं, गजर असेल तर लावणं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद याच शब्दाची होती, ४३० हून जास्त अर्थांची. पुढे ‘रन’नं त्यालाही मागे टाकलं, त्याच्या नुसत्या क्रियापदाचे अर्थ ६४५ भरले. एवढ्या पसाऱ्यातला एक चुकला म्हणून हातात कात्री घ्यायची?

हा शब्द परका मानू नकोस. मुळात तो ‘सिट’चा प्रयोजक, आपलं बसणे-बसवणे. अंगठीत खडा बसवतात, निखळलेलं हाड बसवतात, तिथे इंग्रज ‘सेट’च म्हणतो. तुझा ‘संच’ मात्र फ्रेंचमधून आलेला वेगळा शब्द, दोघांचं रूप तेवढं एक झालं. म्हणून वाक्यात शेजारी कोण बसलंय ते आधी बघावं. आपल्याकडे भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, झाडाला फणस लागतात. तू कधी गोंधळलास?

छाटणीला जाऊ नकोस, बाळा. मीही नाशकात मागच्या बाकावर गप्प बसायचो. शंका विचारायची लाज वाटे. बी.ए. अर्धं टाकून आलो तेव्हा घरात कुणी रागावलंसुद्धा नाही, नागलीच्या लावणीला एक माणूस वाढला म्हणून सगळे खूशच होते. एसटी सावळघाटात शिरली की अजून ते आठवतं. तेव्हा कुणी रागवायला हवं होतं.

जास्त बोललो असेन तर मनात धरू नकोस. रविवारी पहिल्या गाडीनं येतोय. वीरकरांचा कोश आणतो, दोघं मिळून बघू. ताई खुरासणीची चटणी देणार आहे. तोवर टोळीवाल्याला होकार देऊ नकोस, आणि आज रात्री ताईला फोन कर. कॉलेजचं काही सांगू नकोस, जेवलास का ते सांग.

तुझा मामा