हजेरी आणि फिर्याद : सोलापूरच्या सेटलमेंटवरून गुन्ह्यांचा एक अभ्यास

सोलापूर शहरात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या नावाच्या वसाहती आजही आहेत. टपालाच्या पत्त्यांत आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी हे नाव इतके रुळले आहे की, त्यातील ‘फ्री’ या शब्दाचा अर्थ विचारण्याचे कारण सहसा कोणास पडत नाही. वसाहत मुक्त म्हणावयाची, तर तिच्या शेजारी मुक्त नसलेली वसाहत असली पाहिजे. ती होती. काटेरी तारेच्या कुंपणात वसविलेली, सकाळ-संध्याकाळ हजेरी घेणारी आणि परवान्यावाचून बाहेर पडू न देणारी अशी ती वस्ती होती. ज्यांची वर्तणूक अधिकाऱ्यांना समाधानकारक वाटे, त्यांना कुंपणाबाहेर राहण्याची मुभा मिळे.

गुन्हा, पोलीस आणि स्त्रियांवरील हिंसा या विषयांवर देशातील व परदेशातील विद्यापीठांत गेल्या चार-पाच दशकांत पुष्कळ संशोधन झाले आहे. त्यातील एक निष्कर्ष ग्रामीण भागात काम करणाऱ्या अधिकाऱ्यांना, शिक्षकांना आणि पंचायतीच्या सदस्यांना विशेष उपयोगाचा आहे. ज्या समाजाकडे शासनाची नोंदवही दीर्घकाळ संशयाने पाहते, त्या समाजातील स्त्री स्वतःवरील अत्याचाराची फिर्याद घेऊन त्या नोंदवहीकडे जात नाही. हा निष्कर्ष समजून घेण्यास सोलापूरइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

गुन्हेगार जमातींविषयीचा पहिला कायदा १८७१ साली झाला व तो प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या सुधारित कायद्याने त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली आणि १९२४ साली सर्व तरतुदी एकत्र करण्यात आल्या. या कायद्यान्वये एखादी जमात अधिसूचनेने गुन्हेगार ठरविता येत असे. व्यक्तीने काही केले आहे किंवा नाही हा प्रश्नच उरत नसे. नोंद झालेल्या माणसास ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे. विशिष्ट गुन्ह्यांबाबत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान ७ वर्षांची शिक्षा होती. मुलांसाठी सुधारशाळा काढून ६ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून अलग करण्याचा अधिकारही सरकारला मिळाला होता. आईच्या दृष्टीने पाहिले तर हे शेवटचे कलम सर्वांत कठोर होते, परंतु कायद्याच्या जुन्या चर्चेत त्याचा उल्लेख ओझरताच आढळतो.

मुंबई इलाख्यात या कामासाठी ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक झाली आणि सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग, बारामती अशा ठिकाणी सेटलमेंटे उभी राहिली. सोलापूरची निवड करण्यास एक व्यावहारिक कारण होते. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून या शहरात कापड गिरण्यांची वाढ होत गेली होती व गिरण्यांना मजूर हवे होते. सेटलमेंटमधील स्त्री-पुरुष गिरणीत जात, पाळी संपली की परत येत आणि हजेरी देत. शासनाच्या लेखी ही सुधारणा होती. गिरणीच्या दृष्टीने पाहता, मनास येईल तेव्हा काम सोडून जाऊ न शकणारे कामगार तिला मिळत होते. स्वखुशीने आलेल्या मजुरापेक्षा असा मजूर कोणत्याही मालकास सोयीचा वाटावा, यात नवल नाही.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ साली रद्द झाला. देशभर तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपुष्टात आला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्राच्या यादीत बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, रामोशी, वडार, छप्परबंद आदी १४ विमुक्त जाती आहेत. मात्र १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा झाला. त्यात जमातीचे नाव नव्हते. तरीही पोलीस ठाण्यातील जुन्या याद्या, जुने पत्ते आणि जुना समज यांच्या बळावर नव्या कायद्याचा रोख अनेकदा जुन्याच वस्त्यांकडे राहिला. मीना राधाकृष्ण यांचा २००१ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ मद्रास इलाख्यातील कोरवा जमातीवर आहे. फिरत्या व्यापारावर जगणाऱ्या लोकांची उपजीविका रेल्वे व मीठविषयक धोरणांनी कशी हिरावली गेली आणि मग तेच लोक गुन्हेगार कसे ठरविले गेले, हे त्यांनी दाखविले आहे. जेसिका हिंची यांनी २०१९ च्या ग्रंथात याच १८७१ च्या कायद्याच्या दुसऱ्या भागाचा अभ्यास केला आहे. वायव्य प्रांतातील हिजड्यांची नोंदवही ठेवणे आणि त्यांना स्त्रीवेषात सार्वजनिक ठिकाणी वावरण्यास मनाई करणे, अशा तरतुदी त्या भागात होत्या. जमात आणि लिंग या दोहोंवरून माणसास आधीच गुन्हेगार मानणारा तो एकच कायदा होता, ही गोष्ट अभ्यासकांच्या ध्यानात बऱ्याच उशिरा आली.

आता स्त्रियांवरील हिंसेच्या मोजणीकडे वळू. पोलीस ठाण्यात नोंदलेले गुन्हे ही एक मोजणी आणि घरोघर जाऊन केलेली पाहणी ही दुसरी. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित वा कधीकाळी विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. याच पाहणीत देशपातळीवर असे आढळले की, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली आणि सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी मदतही मागितली नाही व कोणास सांगितलेही नाही. मदत मागणाऱ्याही बहुतेक जणी माहेरच्या माणसांकडे गेल्या. पोलिसांपर्यंत पोहोचलेल्या फारच थोड्या.

दोन मोजण्यांतील हे अंतर पद्धतीतून समजते. पाहणीत एका घरातील एकाच स्त्रीस हे प्रश्न विचारतात आणि तेही एकांत मिळाला तरच. एकांत न मिळाल्यास तो भाग वगळण्यात येतो. पोलीस ठाण्याच्या ओसरीवर, सोबत आलेल्या दिराच्या समक्ष, असा एकांत मिळणे कठीण. म्हणून एखाद्या तालुक्यात स्त्री-अत्याचाराच्या नोंदी वाढल्या तर तेथील परिस्थिती बिघडली असे घाईने म्हणू नये. तेथील स्त्रियांना ठाण्याची पायरी चढण्याचा धीर आला, असाही त्याचा अर्थ असू शकतो. आढावा बैठकीत मात्र नोंद वाढली की ठाणेदारास जाब विचारण्याची रीत आहे, आणि ज्यास जाब द्यावयाचा आहे तो नोंद कमी कशी राहील हेच पाहणार.

विमुक्त समाजातील स्त्रीची अडचण याहून मोठी आहे. तिच्या वस्तीत पोलीस येतो तो झडतीसाठी. पतीविरुद्ध तक्रार द्यावी तर पतीला मारहाणीच्या गुन्ह्यासाठी नेतील की चोरीच्या जुन्या प्रकरणात अडकवतील, याची तिला शाश्वती नसते. मग न्याय मागावयाचा तो जातपंचायतीकडे, आणि तेथे पंच सारे पुरुष. कंजारभाट समाजातील तरुण-तरुणींनी विवाहप्रसंगीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध २०१७-१८ च्या सुमारास जी मोहीम उघडली, तिने जातपंचायतीची ही बाजू महाराष्ट्रासमोर आणली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा २०१६ चा कायदा २०१७ मध्ये अंमलात आला होता, हे त्या तरुणांच्या पथ्यावर पडले. अशा पंचायतींचा निषेध करणे सोपे आहे. सरकारी न्यायाचे दार ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बंद होते, त्यांच्यात दुसरे दार बळकट झाले, हे मात्र निषेध करणाऱ्याने विसरू नये.

सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये, तेजस्वी सातपुते या पोलीस अधीक्षक असताना, ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. दक्षिण सोलापूर तालुक्यातील मुळेगाव तांडा हे हातभट्टीच्या दारूबद्दल परिचित असलेले गाव त्याच्या केंद्रस्थानी होते. अधिकाऱ्यांनी गावे दत्तक घ्यावीत, तेथे वारंवार जावे, भट्ट्या नष्ट कराव्यात आणि त्याबरोबरच कुटुंबांना पर्यायी रोजगाराची वाट दाखवावी, अशी त्याची आखणी होती. हातभट्टी हा बहुधा घरचाच धंदा असतो. त्यामुळे खटला स्त्रीवरही होतो आणि दारू प्यालेल्या पुरुषाचा मारही तिलाच बसतो. केवळ छापे घातल्याने तिचे पहिले दुःख वाढते आणि दुसरे तसेच राहते. रोजगाराची जोड म्हणूनच महत्त्वाची. तथापि पोलिसांनी एखाद्या वस्तीची सुधारणा करावयाची, ही कल्पना सोलापूरला नवी नाही. सेटलमेंटचाही उद्देश सुधारणा हाच सांगितला जात असे. दोहोंतील फरक हेतूवरून कळणार नाही. तो ओळखण्याची खूण अशी की, धंदा सोडलेल्या कुटुंबाचे नाव पुढे ठाण्याच्या यादीतून निघते किंवा नाही, आणि त्या कुटुंबातील स्त्री पुढच्या वेळी स्वतःहून ठाण्यात जाते किंवा नाही. या दोन प्रश्नांची पाहणी विद्यापीठातील समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी करण्याजोगी आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निर्णय देताना तुरुंगांच्या नियमावलीतील जातिवाचक तरतुदी रद्दबातल ठरविल्या. विमुक्त जमातींच्या व्यक्तींना जन्मावरून सराईत गुन्हेगार मानता येणार नाही, असे सांगून पोलिसांनी त्यांना मनमानी अटक करू नये यासाठीही न्यायालयाने निर्देश दिले. कायदा रद्द होऊन ७२ वर्षे लोटल्यावर हे सांगावे लागले.

तांड्यावरील वा पालावरील स्त्रीस पोलीस ठाण्यात जावयाचे नसेल तर अन्य मार्ग आहे, हे सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांस ठाऊक असावे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आहे. त्याखाली दाद मागण्यास आधी गुन्हा नोंदवावा लागत नाही. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा स्वतः थेट दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, पहिली तारीख साधारणपणे ३ दिवसांच्या आत ठेवावयाची असते आणि पतीस तुरुंगात न घालताही राहत्या घराचा हक्क, निर्वाहखर्च व संरक्षणाचा आदेश मिळू शकतो. ज्या स्त्रीस मार थांबावयास हवा आहे, परंतु पती ठाण्याच्या हाती लागावयास नको आहे, तिच्यासाठी ही तरतूद मोलाची आहे. ज्या स्त्रीची फिर्याद देण्याची तयारी आहे, तिची फिर्याद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, घटना हद्दीबाहेरची असली तरी, कोणत्याही ठाण्यास नोंदवून घ्यावी लागते व तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. संरक्षण अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिण्यास खडूखेरीज काही खर्च येत नाही. तो फलक चावडीपुरता न ठेवता तांड्यावरच्या शाळेच्या भिंतीवरही असावा, कारण तेथे आया मुलांना सोडावयास येतात.